सूर्य मावळायच्या आत

आईचं बायबल माझ्या वाट्याला आलं ते चेन तुटलेल्या रेक्झिनच्या कव्हरात, वरून रबरबँड लावलेलं. आत लाल-निळ्या पेन्सिलीच्या खुणा, नाताळची दोन जुनी कार्डं, वाळून कागद झालेली शेवंती आणि कुठल्या तरी साली भरलेलं लाइट बिल. ती गेल्यावर कितीतरी दिवस मी ते नुसतंच कपाटातून काढायचो आणि परत ठेवायचो. एकदा ते मिटलेलं असतानाच बाजूने पाहिलं. पानांच्या कडेवर मधोमध एक काळपट पट्टा होता, बोटांनी उलटून उलटून झालेला. ती स्तोत्रसंहिता. शेवटाकडे एक बारीक पट्टा, तो योहान. आणि सुरुवातीला, उत्पत्ती आणि निर्गम संपल्यावर, पानांची कड दुकानातून आणल्यासारखी पांढरी. लेवीय, गणना, अनुवाद ही पुस्तकं. पुढे इतिहासाची दोन पुस्तकंही तशीच. म्हणजे रोज पहाटे उठून वाचणाऱ्या आमच्या आईनेही त्या गल्लीत फारसं पाऊल टाकलं नव्हतं.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कारण मी स्वतः दोनदा 'वर्षात पूर्ण बायबल'चा संकल्प करून, दोन्ही वेळा लेवीयातच आडवा झालो होतो. जानेवारीत अब्राहाम, याकोब, योसेफ यांच्याबरोबर जोरात चालायचं आणि फेब्रुवारीत यज्ञपशूच्या चरबीपाशी येऊन थांबायचं. त्यानंतर वर्षभर व्हॉट्सॲपवर येणारं दिवसाचं एक वचन, फुलांच्या चित्रावर छापलेलं, त्याला हात जोडलेली खूण पाठवली की झालं वाचन.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनानंतरच्या जानेवारीत तिसऱ्यांदा सुरुवात केली. हिशोब सोपा आहे. बायबलमध्ये आमच्या प्रॉटेस्टंट मोजणीने ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. त्यांतले ९२९ जुन्या करारातले, २६० नव्यातले. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच, असे आठवड्याला २३ अध्याय. वर्षाला पुरून उरतात. मी फॅब्रिकेशनवाला माणूस, अंबडला भाड्याचा गाळा आहे. ग्रिल, गेट, रेलिंग आणि एका कंपनीचं जॉबवर्क. मापात सांगितलेलं काम मला जमतं, म्हणून हे माप वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. वेळ पहाटे पाचची. साडेपाचला पाणी येतं, मग मोटर, टाकी, बादल्या यांत घर जागं होतं. तेवढा अर्धा तास स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, कानटोपी घालून. नाशिकची जानेवारीतली पहाट ज्यांनी काढली आहे त्यांना कानटोपीचं वेगळं सांगायला नको.

या खेपेला निर्गमात एक गंमत झाली. पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाचं, म्हणजे देवासाठीच्या तंबूवजा मंदिराचं, वर्णन सुरू होतं आणि तिथे सगळ्यांचे डोळे मिटायला लागतात. माझे उघडले. हे तर ड्रॉइंग आहे! फळ्या दहा हात लांब, दीड हात रुंद. दक्षिणेला वीस, उत्तरेला वीस, मागे सहा आणि कोपऱ्यांना दोन, एकूण ४८. प्रत्येक फळीला दोन कुसे, म्हणजे खाली बसणाऱ्या खुंट्या, प्रत्येक कुशाखाली चांदीची एक बैठक, म्हणजे ९६. वर आडवे अडसर. गिऱ्हाइकाच्या शेडची कटिंग लिस्ट काढतो तशी मी वहीत मंडपाची यादी काढली. आणि हे काम करणारा बसालेल, त्याच्याबद्दल लिहिलंय की देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं, ते सोनं, रुपं, पितळ यांत कारागिरी करण्यासाठी. लहानपणापासून मी संडे स्कूलला जातोय. दावीद झालो, शलमोनाच्या पोशाखात उभा राहिलो, एकदा तर नाटकात गाढवही झालो. पण बसालेल मला कुणी सांगितला नव्हता. पाळकांना, राजांना, संदेष्ट्यांना आत्मा मिळतो हे ठाऊक होतं. कारागिराला मिळतो हे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

त्या उत्साहात लेवीय निम्मं पार पडलं. अठरा अध्याय कसेबसे ओढत नेले. एकोणिसावा आला तो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. शेताच्या कडेचं पीक पार कापू नको, द्राक्षमळ्यात खाली पडलेली फळं वेचू नको, ती गरिबासाठी राहू दे. हे वाचून मला मामाची दिंडोरीकडची बाग डोळ्यासमोर आली आणि छान वाटलं. तेराव्या वचनात लिहिलं होतं, शेजाऱ्याला लुबाडू नको, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको. हेही वाचलं. पुढे गेलो. वहीत त्या दिवशीची नोंद आहे: 'द्राक्षमळा छान. शेजाऱ्यावर प्रीती इथेच आहे, १८वं वचन.' तेराव्याबद्दल एक अक्षर नाही.

मी हे मुद्दाम सांगतोय, कारण वाचन करताना वचन 'बोललं' वगैरे साक्षी आपण देतो. माझ्याशी त्या दिवशी काही बोललं नाही. गाळ्यात तेव्हा पाच माणसं होती. पगाराची तारीख सातची ठरलेली आणि मी द्यायचो अठरा, एकोणीस, कधी बावीसला. दर शनिवारी थोडी उचल हातावर ठेवायचो. कारण कंपनीचं बिल साठ दिवसांचं म्हणून नव्वद दिवसांनी यायचं. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६चा कायदा आहे, पण तो कायदा कंपनीच्या केबिनमध्ये काढून दाखवणारा फॅब्रिकेटर पुढचं काम कुठून आणणार? तेव्हा मी स्वतःला लुबाडलेल्यांत मोजत होतो. लुबाडणाऱ्यांत नाही.

महिना संपायच्या सुमारास अनुवाद लागलं. चोविसाव्या अध्यायात तीच गोष्ट परत, आणि जरा जवळ येऊन सांगितलेली: मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. आणि तीन वचनांनंतर कारण दिलंय. तू मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होतास याची आठवण ठेव.

इथे जरा थांबलो, पण कारण वेगळं होतं. आमचं घर शरणपूर रोडच्या मागे. शरणपूर हे नाव उगाच पडलेलं नाही. १८५०च्या दशकात मिशनऱ्यांनी इथे वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे आणून ठेवली. त्यांना अक्षरओळख दिली आणि हाताला लोहारकाम, सुतारकाम शिकवलं. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन १८७३मध्ये तिकडेच वारले, तेव्हा तिथे अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा नाशिकच्या त्या शाळेत शिकलेला. पुढे बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउनला, सोडवलेल्या गुलामांच्या वस्तीत, गेले. हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. मीही सांगतो. त्या पहाटे मला एवढंच सुचलं की ज्या वस्तीत कालपर्यंत विकली गेलेली पोरं ऐरण-हातोडा शिकली, तिथेच मी लोखंडाचं काम करतो. वहीत 'शरणपूर!' असं उद्गारचिन्हासह लिहिलं. मजुरीबद्दल परत काही नाही. इतिहासात शिरलं की वचनाच्या बाजूने निसटता येतं, हा माझा अनुभव.

नंतरचे तीन-चार महिने सांगण्यासारखे नाहीत. गणनेत अकरा दिवस खंड पडला होता, तो पुढच्या पुस्तकांत रोज पाच-पाच अध्याय वाचून भरून काढला. इतिहासातल्या वंशावळ्या मोठ्याने वाचल्या, नाहीतर झोप लागायची. बायको म्हणायची, "कोणाची हजेरी घेताय?" ईयोबाचं पुस्तक मला फार लांबलं असं वाटलं, हे पाळकसाहेबांना सांगितलं तर ते हसले. पुष्कळ दिवस वाचून झाल्यावर काय वाचलं हे आठवायचं नाही. मोबाइल बाजूच्या खोलीत ठेवायला लागलो तेव्हा थोडं लक्ष लागलं.

एप्रिलमधला एक रविवार मात्र सांगतो. मामाच्या बागेत खरड छाटणी चालू होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: द्राक्ष काढून झाल्यावर भर उन्हाळ्यात वेलीच्या सगळ्या काड्या छाटून टाकतात. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एकेक डोळा, म्हणजे फुटव्याची गाठ, ठेवायचा, बाकी सगळं खाली. दोन दिवसांत हिरव्या मांडवाचे नुसते अँगल आणि तारा उरतात. आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या आणि पीक एक. ऑक्टोबरला परत छाटायची, मग फळ. पेठ-सुरगाण्याकडची टोळी कामावर होती. एक बाई इतक्या वेगाने कात्री चालवत होती की मला तिची बोटं दिसतच नव्हती, फक्त खाली पडणारी काडी दिसायची. मी मामाला म्हटलं, हे पाहून भीती वाटते, पानसुद्धा ठेवलं नाही. मामा म्हणाले, "आता फुटवा येईल ना, त्या काडीत पुढच्या फेब्रुवारीचा घड आत्ताच धरतो. डोळ्याला दिसत नाही, पण मे-जूनमध्येच ठरलेलं असतं किती घड येणार ते. ऑक्टोबरला मग कितीही औषधं मार." मामा चर्चला क्वचित येतात. बायबल तर त्याहून कमी वाचतात.

ऑगस्टच्या उत्तरार्धात यिर्मयाचं पुस्तक आलं. बाहेर पाऊस लागलेला, गाळ्याच्या पत्र्यावर इतका आवाज की ग्राइंडर चालू आहे की बंद ते कळायचं नाही. त्या आठवड्यात आमचा हेल्पर पोरगा डबा आणत नव्हता. वेल्डरच्या डब्यातली अर्धी भाकरी तो घ्यायचा. मी पाहिलं होतं आणि मला वाटलं, एकटा राहतो, आळस असेल. बुधवारी वेल्डर माझ्याकडे आला, हातमोजे काढत उभा राहिला. "साहेब, त्याला पगाराचं बघा ना काहीतरी. खोलीभाड्यासाठी त्याने शेकडा दहाने घेतलेत."

शेकडा दहा म्हणजे शंभराला महिन्याला दहा रुपये. पोराने नऊ हजार उचलले होते. मी पगार पंधरा दिवस उशिरा देणार, तेवढ्या दिवसांचं व्याज साडेचारशे. दर महिन्याला. मी मनात हिशोब केला आणि 'बघू' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाविसावा अध्याय. तेरावं वचन. जो अन्यायाने आपलं घर आणि अनीतीने आपल्या माड्या बांधतो, शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेतो आणि त्याची मजुरी देत नाही, त्याला हाय हाय. पुढच्या वचनात तो माणूस म्हणतो, मी ऐसपैस घर बांधीन, वर मोकळ्या खोल्या, रुंद खिडक्या, लाकडाची तक्तपोशी, वर हिंगुळी रंग.

मी वर पाहिलं. वर पाहिलं म्हणजे खरंच मान वर केली, कारण स्वयंपाकघराच्या डोक्यावर आमच्या नव्या खोलीचं काम चालू होतं. मुलगा बारावीला, त्याला अभ्यासाला खोली हवी. स्लॅब पडला होता. खिडक्या मी स्वतः बनवल्या होत्या, पाच फुटी, चांगल्या रुंद. सिमेंटवाल्याचे, वाळूवाल्याचे पैसे मी वेळेवर देत होतो, कारण ते थांबत नाहीत. पोरगा थांबतो.

तेव्हा पहिल्यांदा मी वही मागे उलटून पाहिली. लेवीय १९, 'द्राक्षमळा छान.' अनुवाद २४, 'शरणपूर!' फेब्रुवारीपासून तेच वचन दोनदा दारात येऊन गेलं होतं आणि मी दोन्ही वेळा त्याला बाहेरच चहा पाजून वाटेला लावलं होतं. शिवाय लेवीयात 'लुबाडू नको' आणि 'मजुरी ठेवू नको' ही दोन वाक्यं एकाच वचनात आहेत, हे मला आत्ता दिसलं. साडेचारशे रुपये. त्याला शास्त्राने काय नाव दिलंय ते समोर छापलेलं होतं.

त्या दिवशी मी फार थोर काही केलं नाही. बँकेत गेलो, खोलीसाठी ठेवलेल्यातून पैसे काढले आणि पाचही जणांचे राहिलेले पगार चुकते केले. हेल्परला नऊ हजारांवरचं व्याजही द्यायला गेलो तर तो घेईना. त्याला वाटलं कामावरून काढतोय. वेल्डरने समजावलं तेव्हा घेतले, पण चारशेच, पन्नास परत केले. म्हणाला, "सुट्टे नसतील तर राहू द्या." मला काय बोलावं सुचलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा बायको थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "प्लास्टर?" मी म्हटलं, थांबेल. ती म्हणाली, "मुलाचा अभ्यास थांबणार नाही," आणि तिचंही बरोबर होतं. तो वर्षभर हॉलमध्येच, टीव्ही बंद ठेवून, बसला. हे मी इथे लिहिलं नाही तर ती मला विचारेल की किंमत कोणी दिली ते का गाळलं.

मग व्यवस्था लावायला लागलो, कारण एका दिवसाच्या पाझरण्याने गाळा चालत नाही. वेगळं खातं उघडलं. कोणतंही बिल आलं की आधी पगाराचा हिस्सा त्यात. कंपनीचं काम थोडं कमी केलं आणि घरगुती ग्रिल-गेटची, निम्मे पैसे आगाऊ देणारी कामं वाढवली. नफा कमी आणि कटकट जास्त, कारण घरगुती गिऱ्हाईक तीनदा डिझाइन बदलतं. रोजंदारीवर कुणी आलं तर त्याला संध्याकाळी, शटर ओढायच्या आधी रोख. सप्टेंबर आणि ऑक्टोबर सातला पगार झाला. नोव्हेंबरला दहा तारीख उजाडली.

ऑक्टोबरमध्ये मत्तयाचा विसावा अध्याय आला, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे गेलो, तिथे ऑक्टोबर छाटणी उरकून वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावणं चाललं होतं. ओट्यावर बसून मी त्यांना दाखला सांगितला. कोणी सकाळी आला, कोणी दुपारी, कोणी पाच वाजता, आणि धन्याने सगळ्यांना सारखीच मजुरी दिली. मामा उसळलेच. "हे कोणी लिहिलंय? असं एकदा केलं तर उद्यापासून सगळी टोळी पाच वाजता येईल! वर मुकादम मला शहाणा समजेल का?" मी म्हटलं, तक्रार तर गोष्टीतल्या मजुरांनीही केली. "मग बरोबर केली," मामा म्हणाले. या दाखल्यावर मी आयुष्यात दहा-बारा तरी प्रवचनं ऐकली असतील. देवाची कृपा, शेवटचे ते पहिले. सगळं खरं. पण या वर्षी मला त्यातला एक साधा शब्द दिसला, जो आजवर नुसता गोष्टीतली वेळ सांगणारा वाटायचा. 'संध्याकाळ झाल्यावर' धनी कारभाऱ्याला म्हणतो, मजुरांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे. म्हणजे गोष्टीतला तो उदार माणूस आधी मोशेचा नियम पाळतो. सूर्य मावळायच्या आत हिशोब चुकता करतो आणि मग वर उदार होतो. मी चर्चच्या छपराला पाइप फुकट दिले होते, त्याच महिन्यात पगार बावीसला केला होता. माझं नाव तेव्हा उपासनेत आभार मानताना वाचलं गेलं.

मामांनी एवढ्यावर मान डोलावली. "संध्याकाळी द्यावेच लागतात," म्हणाले, "नाहीतर टोळी दुसऱ्या बागेत जाते." त्यांचं कारण वेगळं. मजूर मात्र दोन्ही कारणांनी घरी पैसे घेऊन जातो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला योहान पंधरा वाचला, द्राक्षवेल आणि फाटे. फळ देणाऱ्या फाट्याला माळी छाटतो, त्याला मराठी बायबलात 'साफसूफ करतो' असा शब्द आहे. आईच्या लाल पेन्सिलीने तो अख्खा परिच्छेद अधोरेखित होता. ज्याने कधी छाटणी पाहिली नाही त्याला 'साफसूफ' म्हणजे धूळ झटकणं वाटेल. मला ती बाई आणि तिची कात्री आठवली.

याकोबाचं पत्र डिसेंबरच्या मध्याला. कॅरलवाली मुलं रात्री गल्लीतून फिरत होती, घरात करंज्यांचं सारण. पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. मजूर तर ओरडतातच, पण आधी मजुरी ओरडते. आता मला हे वाक्य कुठून येतंय ते ठाऊक होतं, जसं वळणावरून ओळखीची रिक्षा येते. मधे मलाखीच्या पुस्तकातही ते भेटून गेलं होतं. आईच्या बायबलमध्ये यांतल्या एकाही जागी खूण नाही. ती दुसऱ्यांच्या घरी शिवणकाम करायची, तिचेच पैसे लोक महिनोन्महिने थकवायचे. तिला त्या वचनांची गरज नसावी, किंवा ती तिथवर पोचलीच नसावी. नक्की कसं, ते आता कुणाला विचारणार.

प्रकटीकरणाचे शेवटचे दोन अध्याय ३१ डिसेंबरला, वर्षाअखेरच्या उपासनेला जायच्या आधी, शर्टाला इस्त्री होईस्तोवर वाचले. काही झालं नाही. कुलूप लावून निघालो.

हेल्पर पोरगा जानेवारीत गेला. सिन्नरच्या एका कारखान्यात चांगला पगार मिळाला, पीएफसकट. त्याच्याजागी नवीन आलाय, तो उशिरा येतो आणि ग्राइंडरचा गार्ड काढून ठेवतो. मी रोज ओरडतो. शांती, सौम्यता वगैरे गलतीकरांस पत्रात आहे, तिथे अजून पोचायचंय. कंपनीचं बिल या महिन्यातही थकलंय. वरच्या खोलीला प्लास्टर नाही. सळ्या बाहेर आहेत, त्यांना दोरी बांधून बायको कपडे वाळत घालते. मुलगा खाली हॉलमध्ये. पहाटे मी परत निर्गमात आहे, मंडपाच्या मागच्या सहा फळ्यांपाशी, आणि उद्या सात तारीख आहे.